दशांशचिन्हाच्या उजवीकडे

मराठीत समीक्षेला तोटा नाही. पुस्तकाची होते, नाटकाची होते, लग्नातल्या जेवणाची तर हात धुता धुता होते. पण आजकाल घराघरांत ज्यांचा शब्द वेदवाक्य मानला जातो, त्या तळहातावर मावणाऱ्या मोजयंत्रांची समीक्षा करायला कोणी पुढे येत नाही. साखर मोजणारे यंत्र, रक्तदाब मोजणारे यंत्र, २०२० साली घरोघर आलेले आणि बोटाला चिमटा घेऊन प्राणवायू सांगणारे यंत्र! एक वेळ सासूचा शब्द खाली पडेल, यंत्राचा पडायचा नाही. यंत्राने १४२ म्हटले की १४२. जिलबी परत डब्यात. वास्तविक घरगुती साखरयंत्रांसाठी २०१३ साली जे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्यात शंभराच्या वरच्या आकड्याला पंधरा टक्के इकडेतिकडे माफ आहे. म्हणजे १४२ च्या पोटात १२१ पासून १६३ पर्यंत कोणीही बसलेले असू शकते. जिलबी डब्यातच बरी, हे खरे. पण त्या शेवटच्या दोनाचा एवढा दरारा कशासाठी?

समीक्षेसाठी मी या कुळातली एक आडबाजूची शाखा मुद्दाम निवडली आहे. घरात खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत जिवंत प्रवाळ पाळणारे लोक पाणी तपासायला जी हातातली यंत्रे वापरतात, ती ही शाखा. स्वतःची साखर मोजताना माणूस थोडा भितो, म्हणून सावध असतो. प्रवाळाचे पाणी मोजताना तो नुसता उत्साही असतो. त्यामुळे यंत्राचे गुणदोष आणि माणसाचे दोष, दोन्ही ठळक अक्षरांत वाचायला मिळतात.

आपल्याला प्रवाळ माहीत असते ते अंगठीतले पोवळे. मंगळ कडक असला की रत्तीच्या भावाने घेतात ते. जुन्या मालाचे मूळ बहुधा भूमध्य समुद्रातले. तिथल्या एका लाल प्रवाळाचा तो सांगाडा. मंगळाला शांत करण्यापूर्वी बिचारे स्वतः शांत झालेले असते. काचपेटीतले प्रवाळ मात्र जिवंत. दिसायला झाड, हाताला दगड आणि जातीने प्राणी! अंगात सूक्ष्म शैवालाला जागा देतात, म्हणजे शब्दशः पोटभाडेकरू ठेवतात, आणि तो भाडेकरू उजेडात साखर तयार करून मालकाला भाडे देतो. भाडेकरू वेळेवर भाडे देतो, हे ऐकूनच मला या प्राण्याबद्दल आदर वाटू लागला.

भारतात कोणाला ही हौस करावीशी वाटली तर आधी कायदा वाचावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ २००१ सालापासून वाघाच्या पंगतीला बसले आहेत. म्हणून मी पाहिलेली काचपेटी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, माझ्या भाच्याच्या तळघरात आहे. तिकडे प्रवाळाचे बोटभर तुकडे कलमासारखे वाढवून विकतात. शौकीन ते आपापसात बदलतातही, आपल्याकडे शेजारीण जास्वंदीची फांदी मागते तसे. ताई, म्हणजे त्याची आई, आणि मी तिथे हिवाळ्यात महिनाभर राहिलो. त्या महिन्यात मी न्यूयॉर्क पाहिले ते थोडे आणि भाच्याला कुपी हलवताना पाहिले ते फार.

मोजण्याची गरजच काय, असे विचारणाऱ्यांपैकी मी नाही. समुद्रात खारेपणा हजारी ३५, कॅल्शियम लिटरला ४१० ते ४२० मिलिग्रॅम, पीएच ८.१ च्या आसपास आणि अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, जर्मन मापाने सुमारे ७ अंश. या मापाला शौकीन 'डीकेएच' म्हणतात. समुद्र एवढा अफाट, की प्रवाळाने किती खाल्ले ते त्याच्या खातेवहीत दिसतही नाही. भाच्याची पेटी साडेतीनशे लिटरची. त्यात प्रवाळ सांगाडा बांधायला कॅल्शियम आणि कार्बोनेट रोज उचलतात, तेही ठरलेल्या प्रमाणात: २० मिलिग्रॅम कॅल्शियममागे २.८ अंश अल्कलिनिटी. खाते लहान आणि उचल रोजची. भरणा केला नाही, तर खाते बुडणार. तेव्हा शिल्लक पाहणे आलेच. प्रश्न एवढाच, की शिल्लक सांगणारा कारकून कसा आहे?

पहिला मानकरी रिफ्रॅक्टोमीटर. दिसतो छोट्या दुर्बिणीसारखा. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, झाकण मिटायचे आणि उजेडाकडे तोंड करून एका डोळ्याने पाहायचे. आत निळे आकाश आणि पांढरी जमीन दिसते. दोहोंच्या सीमेवर खारेपणा. याला बॅटरी लागत नाही, तो शिट्टी मारत नाही, आणि वापरणारा माणूस काही क्षण तरी गलबताच्या कप्तानासारखा दिसतो. दोष असा, की बाजारातल्या पुष्कळ रिफ्रॅक्टोमीटरांची पट्टी साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असते, आणि समुद्राचे पाणी म्हणजे नुसते मीठ-पाणी नव्हे. अशा यंत्रात खरे ३५ असताना ३६.५ दिसते. पुन्हा गंमत ही, की शुद्ध पाणी टाकून शून्य पाहावे, तर ते अगदी चोख! शून्याला खरे बोलणारा आणि पस्तिसाला थाप मारणारा हा गृहस्थ. म्हणून जाणकार त्याला शुद्ध पाण्यावर न पारखता ३५ च्या प्रमाणित पाण्यावर पारखून घेतात. दोन आणे उसने घेऊन परत केले म्हणून कोणी दोन लाखांना जामीन राहत नाही, त्यातलाच प्रकार.

दुसरी पीएचची लेखणी. ही नाजूक प्रकृतीची नायिका. टोक सतत ओले हवे. ओले म्हणजे शुद्ध पाण्यात बुडवून ठेवलेले चालत नाही, त्यासाठी वेगळे द्रावण. सात आणि दहा अशा दोन प्रमाणित द्रावणांत तिला अधूनमधून आंघोळ घालावी लागते, नाहीतर आकडे हळूहळू भरकटतात. पण तिची प्रतिभा निराळ्याच विषयात आहे. घरातल्या हवेत कर्बवायू वाढला की तो पाण्यात उतरतो आणि पीएच खाली येतो. हिवाळ्यात खिडक्या बंद, स्वयंपाकघरात गॅस चालू आणि घरात दोन माणसे जास्त. आम्ही उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी भाचा तळघरातून वर आला आणि आमच्याकडे नुसता पाहत राहिला.

"काय रे?" ताईने विचारले.

"तुम्ही येण्याआधी आठ पॉइंट दोन होता. आता सात पॉइंट नऊ."

त्यानंतर ताई त्या घरात मोठा श्वास घेताना दोनदा विचार करी. पाहुण्यांची संख्या कळवणारे इतके अचूक यंत्र मी दुसरे पाहिलेले नाही. पण लेखणी सांगते फक्त 'कमी झाला'. का झाला, ते सांगत नाही. घाईचा माणूस पीएच वाढवणारी पूड ओततो, तिने पीएचबरोबर अल्कलिनिटीही चढते आणि मूळ हवा आहे तशीच कोंडलेली राहते. खिडकी दोन बोटे उघडली असती, तर काम झाले असते. बाहेर बर्फ होते, हा भाग वेगळा.

आता मुख्य पात्र: मुठीएवढे, अंड्यासारखे गुळगुळीत यंत्र. शौकीन त्याला लाडाने 'चेकर' म्हणतात. याच्या पोटात एक दिवा आहे आणि समोर एक डोळा. टाकीचे १० मिलिलिटर पाणी काचेच्या कुपीत घालून आत ठेवायचे आणि कळ दाबायची. यंत्र ते पाणी कोरे म्हणून लक्षात ठेवते. मग सिरिंजने १ मिलिलिटर रसायन घालून हलवायचे. पाण्याला रंग चढतो. पुन्हा कळ. रंगाने किती उजेड गिळला त्यावरून यंत्र आकडा काढते. यामागचे शास्त्र जुने आहे. १७२९ साली बूगेर या फ्रेंच गृहस्थाने उजेड कसा मंदावत जातो ते सांगितले, १७६० साली लँबर्टने ते ग्रंथात मांडले आणि १८५२ साली बेअरने ते द्रावणाच्या दाटपणाशी जोडले. आज नियमाला नाव लँबर्टचे आणि बेअरचे. मूळ काम करणाऱ्याचे नाव फाइलीतून गळणे ही पद्धत फक्त आपल्याच कचेऱ्यांत आहे असे नव्हे.

डोळ्यांनी रंग जुळवायच्या जुन्या पद्धतीपेक्षा हा चेकर सरस, यात वाद नाही. नवराबायकोचे पडद्याच्या रंगावर एकमत होत नाही, तिथे फिकट निळ्याच्या दोन छटांवर काय व्हायचे? यंत्र त्या भांडणातून सोडवते. पण कुपीवर बोटाचा ठसा उमटला, आत बुडबुडा राहिला, काचेला ओरखडा गेला, सिरिंजमध्ये हवेचा कण अडकला, की यंत्र तेही इमानाने मोजते. समोर जे ठेवाल ते मोजायचे, एवढेच त्याला शिकवले आहे.

यंत्रासोबत येणारे पत्रक मी साहित्य म्हणून वाचले. शैली कोरडी, पात्रे कमी, पण शेवटाकडे बारीक अक्षरांत एक ओळ आहे ती सगळ्या कथानकाला कलाटणी देते. अल्कलिनिटीच्या अशा एका चेकरची अचूकता अधिक-उणे ०.३ अंश, शिवाय आकड्याच्या पाच टक्के. म्हणजे पडद्यावर ८.३ दिसले, तर खरा आकडा साधारण ७.६ पासून ९.० पर्यंत कुठेही असू शकतो. हे लपवलेले नाही. छापलेले आहे. पण पडद्यावर 'साधारण आठेक' असे उमटत नाही, ८.३ असे उमटते. ठिपक्याच्या उजवीकडचा तो तीन पाहिला की माणसाचा विश्वास बसतो. 'साडेसहाच्या सुमारास येतो' म्हणणाऱ्यापेक्षा 'सहा सत्तावीसला येतो' म्हणणारा जास्त खरा वाटतो. येतात दोघेही सातला.

फॉस्फेटचा चेकर त्याचाच धाकटा भाऊ, आणि जास्त व्रतस्थ. इथे रसायन पुडीत असते. पुडी कात्रीने उघडायची, एकही कण न सांडता चिमुकल्या कुपीत उतरवायची, दोन मिनिटे हलक्या हाताने हलवायची, तीन मिनिटे वाट पाहायची. सत्यनारायणाला इतके अवधान लागत नाही. अशा एका चेकरची पल्ला शून्यापासून ०.९० पर्यंत आणि चूक अधिक-उणे ०.०२, वर पाच टक्के. उत्तर आले ०.०३. म्हणजे जवळजवळ काहीच नाही, किंवा ०.०५. फॉस्फेट फार झाले तर शेवाळ माजते, अगदी संपले तर प्रवाळ उपाशी. आणि निर्णय घ्यायचा तो या दोन टोकांमध्ये. याचाच एक चुलतभाऊ फॉस्फेट न सांगता फॉस्फरस सांगतो, तोही अब्जांशात, त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागायचे. रात्री अकरा वाजता भाचा हा गुणाकार करताना पाहून मला पहिल्यांदा वाटले, की वाणिज्य शाखा घेतली असती तर पोरगा सुखी झाला असता.

पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे राहिले नाही. पेटीच्या मध्यभागी हरणाच्या शिंगांसारखे एक प्रवाळ होते. बोटाएवढा तुकडा आणला होता. दोन वर्षांत तळहाताएवढा झाला होता. भाचा सकाळी मोजी: ८.३. संध्याकाळी मोजी: ७.७. "पडली!" म्हणून तो सोड्याचे द्रावण ओती. सकाळी ८.९. "चढली!" म्हणून दोन दिवस काहीच न घाली. मग ७.५ येई आणि दुप्पट ओतले जाई. सुरुवातीला पाणी बहुधा जागेवरच होते आणि आकडेच हलत होते. पुढे आकड्यांच्या मागे धावून त्याने पाणीही हलवले. अल्कलिनिटीचे असे हेलकावे शिंगवाल्या प्रवाळांना मानवत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात ते बुडख्याकडून पांढरे पडू लागले. मांस सुटते आणि आतला सांगाडा दिसतो. एवढा मोठा पोरगा, काचेला कपाळ लावून बसला होता. शेजारी यंत्र पडले होते आणि त्यावर ८.२ हा अगदी आदर्श आकडा होता.

इथे 'यंत्रापेक्षा डोळा बरा' असे म्हणून मोकळे होणारे लोक असतात. मला ते पटत नाही. डोळ्याला पांढरेपणा दिसला तेव्हा उशीर झाला होता. डोळा नुकसान झाल्यावर सांगतो. यंत्र आधी सांगू शकते, आणि हाच त्याचा मोठा गुण. चूक यंत्र आणि बाटली यांच्यामध्ये होती. तिथे कोणी उभेच नव्हते.

आता माझ्या धंद्यातले सांगतो. बँकेत खात्यातली शिल्लक म्हणजे आकडाच असतो. पडद्यावर ८३० रुपये असतील, तर खात्यात ८३० च आहेत. आकड्याच्या मागे वेगळे काही लपलेले नसते. म्हणून तिथे पैशाला पैसा जुळवायचा हट्ट शोभतो. पाण्याचे तसे नाही. पाणी टाकीत असते आणि पडद्यावर येते ती त्याची बातमी. बातमीदार प्रामाणिक असला, तरी थोडा बहिरा असतो. आणि इतके करूनही, बँकेत पैसे देताना एक माणूस नोंद करतो आणि दुसरा ती तपासून मान्य करतो. याला आमच्यात 'मेकर-चेकर' म्हणतात. एकट्याच्या सहीने मोठी रक्कम हलत नाही. भाच्याच्या तळघरात यंत्राचे नाव 'चेकर' होते, पण नोंद तोच करी, मंजूर तोच करी आणि पैसेही तोच वाटी!

हे मी जेवताना बोललो. भाचेसून औषधांच्या दुकानात काम करते, मापाची सवय आहे. तिने जास्त वेळ न घालवता टाकीतले पाणी एका पेल्यात काढले आणि नवऱ्यापुढे ठेवले.

"हे एकच पाणी पाच वेळा मोज."

"एकदा मोजलं की झालं."

"मोज ना."

८.०, ८.४, ७.८, ८.३, ८.१. एकच पेला, एकच यंत्र, एकच हात आणि पाऊण तास. भाचा कागदाकडे बघत बसला.

"मामा, म्हणजे मी इतके दिवस कशावर डोस घालत होतो?" त्याने विचारले. उत्तर त्याच्याच अक्षरात त्या कागदावर होते.

दुसऱ्या दिवसापासून फ्रिजवर नियम लागले. रोज एकाच वेळी मोजायचे, दिवे लागण्यापूर्वी. तीच कुपी, तिच्यावरची खूण त्याच बाजूला, बाहेरून पुसलेली. महिन्यातून एकदा ठरलेल्या ताकदीच्या प्रमाणित द्रावणावर यंत्राची परीक्षा. आकडा वहीत लिहायचा आणि एकट्या आकड्यावर काहीही ओतायचे नाही. आठवडाभराची रांग कुठे झुकते ते पाहायचे. आकडा अचानक उडी मारील, तर आधी पुन्हा मोजायचे. बाटली उघडायला भाचेसुनेची सही. ७.८ वर स्थिर राहिलेले पाणी हे ८.३ च्या मागे वर-खाली धावणाऱ्या पाण्यापेक्षा चांगले, हे त्या वहीने पंधरा दिवसांत पटवले. शिंगवाल्या प्रवाळाची वरची दोन टोके जिवंत होती, ती कापून नव्या दगडावर चिकटवली. आम्ही निघालो तेव्हा त्यांचा रंग टिकून होता. पुढचे ठरवायला महिना थोडका.

इतके लिहिल्यावर एका साध्या यंत्राचा उल्लेख न करणे अन्याय होईल. तापमापक. त्यात रसायन नाही, पुडी नाही, गुणाकार नाही. प्रवाळांच्या जिवाचा सर्वांत मोठा निर्णय तोच सांगतो. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अवघे एक अंश वर गेले आणि काही आठवडे तिथेच राहिले, की प्रवाळ आपल्या पोटभाडेकरूला बाहेर काढतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली घडले. एप्रिल २०२४ मध्ये तर अमेरिकेच्या सागरी खात्याने जगभरचे चौथे प्रवाळ-विरंजन चालू असल्याचे जाहीर केले. आपल्याही दारात प्रवाळ आहेत. मालवणला १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे, आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्राच्या पोटात प्रवाळांचे एक पठार आहे. त्याचे नाव कान्होजी आंग्र्यांवरून 'अँग्रिया बँक'. या बँकेला शाखा नाही, पासबुक नाही, आणि खाते तुमचे आमचे सर्वांचे संयुक्त आहे. साडेतीनशे लिटरमध्ये ०.४ ची चाहूल लागली, तर माणूस मध्यरात्री उठून बाटली शोधतो. या दुसऱ्या खात्यावर पूर्ण एक अंशाची नोंद पडते, ती दशांशचिन्हाच्या डावीकडची आहे आणि तिच्यात अधिक-उण्याचा वाद नाही. तिथे मात्र सगळे म्हणतात, बघू, आणखी एकदा मोजू.

तेव्हा समीक्षकाचा निकाल असा. यंत्रे प्रामाणिक आहेत, किमतीच्या मानाने हुशार आहेत, आपली मर्यादा लेखी कळवतात. इतके गुण एका माणसात सहसा सापडत नाहीत. वाचकांनी ती अवश्य वापरावीत. मात्र पत्रकाची शेवटची ओळ आधी वाचावी, आणि बाटलीवर दुसऱ्याची सही असावी. तारे द्यायचेच झाले, तर पाचांपैकी ३.५.

अधिक-उणे ०.७.